उजव्या हाताची दांडी

झुत्फेन, १४ जानेवारी २०१८

कॅप्टन डाउवे होकेमा यांस,

पाकिटावरचं आडनाव वाचून तुम्ही हे पत्र फाडलं नसेल, असं धरून लिहिते. मी योरिन वासेनबर्ग. तुमच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत सहा वर्षं बसलेल्या रूलोफ वासेनबर्ग यांची मुलगी. बाबा गेले तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यामुळे तुम्ही मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर तेही आठवत नाहीत.

घरच्या संगणकावर विमान उडवायचा ज्यांना नाद आहे, त्यांच्यासाठी मी विमानं तयार करते. सिम्युलेटरसोबत जी विमानं फुकट मिळतात त्यांतली निम्मी बटणं नुसती रंगवलेली असतात. आमची विमानं वेगळी विकत घ्यावी लागतात, पण त्यात प्रत्येक बटणामागे तार असते आणि प्रत्येक तारेमागे हिशोब. आम्ही तिघंच जण आहोत, माझ्या घराच्या माळ्यावर बसतो. गिऱ्हाइकं म्हणजे निवृत्त मास्तर, ट्रकवाले, एक दातांचा डॉक्टर. ही माणसं इंजिन सुरू करायलाच पाऊण तास लावतात, आणि एखादा दिवा चुकीच्या रंगाचा दिसला की मला दोन पानी पत्र पाठवतात.

आता मला टिटवी करायची आहे. तुम्ही दोघं उडवायचात त्या विमानाला सगळे टिटवी म्हणायचे, हे आईच्या तोंडून एकदाच निसटलं होतं. नकाशे मिळाले, जुनी नियमपुस्तिका मिळाली, त्यावरून जेवढी झाली तिचे फोटो सोबत आहेत. पण खुर्चीत बसल्यावर ते कसं वाटायचं, हे सांगणारे तुम्ही एकटे उरला आहात. मदत कराल?

आईला हे पत्र माहीत नाही.

योरिन वासेनबर्ग


हार्लिंगन, २ फेब्रुवारी २०१८

योरिन,

फाडलं नाही. आठवडाभर कॉफीच्या डब्याखाली ठेवलं होतं. रोज डबा उचलताना दिसायचं, शेवटी वाचलं.

तुला मी आठवत नाही, पण तू मला 'डाउवेकाका' म्हणायचीस आणि माझ्या टोपीत बिस्किटं भरून ठेवायचीस. मी तुला 'तू' म्हणणार. राग आला तर कळव.

फोटो पाहिले. तुझी टिटवी फारच स्वच्छ आहे गं! नवरीसारखी नटवलीस. उजव्या खिडकीखालचा रंग रूलोफच्या कोपराने खरवडला गेला होता, खालचा पत्रा दिसायचा. डाव्या खुर्चीच्या पाठीत एक स्प्रिंग तुटलेली होती, ती अकरा वर्षं मला टोचली. रक्षापात्र दोघांच्या मध्ये होतं, तू ते माझ्या बाजूला दिलंस. मी कधी ओढली नाही, ओढायचा तो.

आणि एक गंमत. बेटावरची धावपट्टी आखूड, तिच्यावरून बाहेर पडायला दोन वळणं. विमान पहिल्याच वळणाला बाहेर काढलं तर केक माझ्याकडून, आपला फ्रिसलंडचा गुलाबी साखरेचा. चुकलं तर कॉफी रूलोफकडून. मी उतरवायचो, तो थांबवायचा. पंख्यांचं कुलूप काढायची दांडी फक्त उजव्या खुर्चीतून हाताला लागते. चाकं टेकली की मी म्हणायचो, "जमीन!" की त्याने दांडी ओढायची. इंजिनांच्या पंख्यांची पाती वाऱ्याला आडवी होतात आणि समोर भिंत आल्यासारखं विमान थांबतं. सबंध कंपनीत त्याच्याइतका चपळ हात नव्हता. तुमच्या घरी बरेच केक आले त्या वर्षांत.

मदत करीन. एकच अट. नऊ मार्च सत्त्याहत्तरबद्दल विचारायचं नाही. चौकशीचा अहवाल छापलेला आहे, त्यात सगळं आहे.

डाउवेकाका


झुत्फेन, २० एप्रिल २०१८

डाउवेकाका,

खरवडलेला रंग केला. रक्षापात्र मध्ये आणलं, त्यात सहा थोटकं ठेवली. तुमच्या खुर्चीची स्प्रिंग काही संगणकात बसेना, म्हणून ती करकरते एवढं केलं. आवाज माझ्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचा आहे.

दांडीसुद्धा झाली. भंगारवाल्याकडून खरीच मिळाली, टिटवीचीच. माळ्यावर लाकडाचा सांगाडा ठोकून दोन खुर्च्या मांडल्यात, त्यात ती बसवली आहे. विकायचं विमान पडद्यावर चालतं, पण मला दांडीचा जोर हाताला कळायला हवा होता. दुपारी कॉफी पिताना मी उजव्या खुर्चीत बसते. कोपर सांगाड्याच्या खिडकीला टेकतो, तिथेही मी रंग खरवडलाय. माझा हात त्यांच्यावर गेलाय का, हे कुणाला विचारायचं?

आईला विचारू शकत नाही. तुमचं नाव घेतलं की ती भांडी घासायला उठते, घासलेली असली तरी. मी लहानपणी एकदा विचारलं होतं, बाबा कसे गेले. ती म्हणाली, "एका माणसाला तोंड आवरता आलं नाही, म्हणून." अहवालातही तेच आहे: कॅप्टनने 'जमीन' हा शब्द जमिनीपासून दोन मीटर वर असतानाच उच्चारला, सहवैमानिकाने आज्ञा पाळली.

अट मोडत नाही, तुम्हाला विचारत नाहीये. फक्त मी वाचलंय, एवढं तुम्हाला माहीत असावं. आणि तरीही डाउवेकाकाच लिहितेय.

योरिन


हार्लिंगन, ६ मे २०१८

योरिन,

तुझी आई बरोबर सांगते.

हात रूलोफचाच असणार. तुझ्या अक्षरातला 'र' त्याच्यासारखा घाईत खाली पडतो.

यासोबत इंजिन सुरू करतानाच्या आवाजांची यादी पाठवतो. सातव्या सेकंदाला एक उसासा टाकल्यासारखा आवाज आहे, तो चुकवू नकोस. तुझा तो दातांचा डॉक्टर नाहीतर नाकाने कांदे सोलेल.

डाउवेकाका


झुत्फेन, ८ जुलै २०१८

डाउवेकाका,

अट मोडते आहे. रागवा, पण वाचा.

आमच्या कामाची एक रीत आहे. विमान तयार झालं की त्याच्या खऱ्या अपघाताचे आकडे त्याला घालून बघायचे: वजन, वारा, वेग, सगळं. खऱ्यासारखंच पडलं तर विमान खरं. क्रूर वाटेल, पण याहून चांगली परीक्षा नाही. मी नऊ मार्चचे आकडे घातले. दोन मीटरवर दांडी ओढली. टिटवी दणकन धावपट्टीवर बसली, एक टायर फुटला आणि पहिल्या वळणाच्या अलीकडे थांबली. कुणालाही खरचटलंसुद्धा नसतं.

अहवालाप्रमाणे उजवं चाक समुद्राच्या बांधावर आदळलं. बांध धावपट्टीच्या आधी आहे. चाळीस वेळा करून पाहिलं, काका. बांधावर आदळायचं तर दांडी पाण्यावर असतानाच ओढावी लागते, बारा मीटर उंचीवर. अकरा हजार तास उडवलेला माणूस पाण्यावर 'जमीन' म्हणेल का?

माझं काही चुकतंय का?

योरिन


हार्लिंगन, १५ जुलै २०१८

योरिन,

तुझं चुकतंय. आडवे झालेले पंखे तू दाखवतेस त्यापेक्षा फार जास्त ओढायचे. तो जोर दीडपट कर. तुझे नकाशे विमान कोरं असतानाचे, आमची विमानं पंधरा वर्षं झिजलेली. दीडपट केलंस की दोन मीटरवरूनही तसंच पडेल.

आणि आवळा देऊन कोहळा काढायला आलीस, हे आता लक्षात आलं. खुर्चीच्या स्प्रिंगपासून सुरुवात करून इथवर आलीस. बापासारखीच हुशार आहेस. आता पुरे.

डाउवे होकेमा


झुत्फेन, २१ ऑक्टोबर २०१८

कॅप्टन होकेमा,

तुमच्या शब्दावर मी जोर दीडपट केला. नकाशा बाजूला ठेवला, हिशोब बाजूला ठेवला, कारण तुम्ही खुर्चीत बसलेले होतात आणि मी नव्हते. दोन मीटरवरून तरीही ती बांधावर गेली नाही. पण धावपट्टीवर अशी आपटली की मी मनाची समजूत घातली, थोडं इकडेतिकडे असेल. तशीच टिटवी पारखायला बारा जणांकडे पाठवली.

त्यात खेर्ट मुल्डर आहेत. तुमच्या हँगरमध्ये मेकॅनिक होते. त्यांचं पत्र जसंच्या तसं देते: "बाई, ही टिटवी नाही, ही वीट आहे. पंख्यांचा जोर आम्ही दर वर्षी मोजायचो. मोजमापांची वही माझ्याकडे आहे. तुम्हाला दीडपटीचं कुणी सांगितलं? ज्याने सांगितलं त्याने एकतर टिटवी पाहिली नाही, नाहीतर तो तुम्हाला बनवतोय."

वहीतले आकडे आणि माझे पहिले आकडे तंतोतंत जुळतात.

सहा वर्षं हे विमान माझ्या डोक्यात आहे. माझ्या वडिलांजवळ जाण्याचा माझ्याकडे एवढा एकच रस्ता होता, आणि तुम्ही हाताला धरून मला त्यावरून बाजूला नेलंत. स्वतःला वाचवायला खोटं बोलला असतात तर समजलं असतं. पण अहवाल आधीच तुम्हाला दोषी धरतो. मग तुम्ही वाचवताय कुणाला?

मी मूर्ख नाही. उत्तर मला माहीत आहे. ते तुमच्या हाताने लिहून पाठवा.

योरिन वासेनबर्ग


हार्लिंगन, १८ नोव्हेंबर २०१८

योरिन,

चार वेळा लिहून फाडलं. हे पाचवं.

मी 'जमीन' म्हणालो नव्हतो.

ओहोटी होती, पाणी करडं. बांधावर मेंढ्या चरत होत्या आणि विमान येताना बघून पळाल्या नव्हत्या, रोजचंच त्यांना. रूलोफचा हात दांडीवर होता. तो नेहमीच आधीपासून असायचा, हे मला माहीत होतं. मी कधी हटकलं नाही, उलट कौतुक करायचो. मला त्याची बोटं वळताना दिसली. मी "अरे" म्हणालो असेन. मग बांध समोर न येता खालून वर आला.

मागचे नऊही प्रवासी चालत बाहेर पडले. माझं बरगड्यांवर निभावलं. उजवी बाजू उरलीच नाही.

इस्पितळात चौकशी अधिकारी पलंगाशी आला. दार उघडं होतं. बाहेर बाकावर अलाइडा बसली होती, मांडीवर तू, तुझ्या एकाच पायात बूट. त्याने विचारलं, "तुम्ही शब्द दिलात का?" या विमानांत आवाज टिपणारं यंत्र नव्हतं. जे मी सांगेन तेच राहणार होतं. रूलोफला उत्तर देता येणार नव्हतं, मला येत होतं. मी म्हणालो, दिला. थोडा लवकर दिला. किती लवकर, तर दोन मीटर, कारण त्याहून जास्त कुणाला पटलं नसतं. बांधाचं काय, हे त्याने विचारलं नाही. माणूस आपणहून दोष घेतोय म्हटल्यावर कोण खोलात शिरतं?

माझा परवाना गेला. जायलाच हवा होता. हे मी उपकार केल्यासारखं सांगत नाहीये, नीट समजून घे. पैज माझी होती. केक मी लावला होता. त्याआधीचे तीन आठवडे पावसाने पट्टी ओली होती, पहिलं वळण रोज चुकत होतं आणि मी रोज त्याला चिडवत होतो: "काय रूलोफ, हात म्हातारा झाला वाटतं?" एखाद्याला पळायला डिवचायचं आणि तो पडला की त्याच्या पायाला दोष द्यायचा, हे मला जमलं नसतं. शब्द मी दिला नाही, पण घाई मीच दिली. म्हणून अहवाल खोटा असला तरी निकाल बरोबर आहे, असं मी मानत आलो.

तुझं विमान बिघडवलं, त्याची लाज वाटते. खेर्टला सांग, मी टिटवी पाहिली आहे.

आता एक मागणं. अलाइडाला सांगू नकोस. तिने माझा द्वेष करावा, तिला त्याची सवय आहे आणि मलाही. रूलोफवर रागवायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नकोस. ती सत्तरीची होत असेल आता, तिच्याकडे त्याचा फोटो तेवढा आहे.

डाउवेकाका (चालत असेल तर)


झुत्फेन, ३ फेब्रुवारी २०१९

डाउवेकाका,

चालतं. नेहमीच चालेल.

टिटवी दुरुस्त करून विकायला काढली. पंखे वहीप्रमाणे. दांडी हवेत असतानाही ओढता येते, कारण तेव्हा यायची. माझे दोघे सोबती म्हणाले, गिऱ्हाइकं पडतील. म्हटलं, पडू देत, पुन्हा उठतील. संगणकावरचा सहवैमानिक मात्र कॅप्टनचा शब्द ऐकल्याशिवाय हात हलवत नाही. ते आधीपासूनच तसं होतं, मी बदललेलं नाही.

आईला मी सांगितलं नाही. पण तिला कळलंय. कसं, ते सांगते.

गेल्या रविवारी माझा वाढदिवस होता. पाहुणे गोल करून बसले, केक खाऊन गेले. आई मागे राहिली आणि आपणहून म्हणाली, "वर काय करत असतेस ते बघू तरी." चार वर्षांत ती माळ्यावर पहिल्यांदा चढली. सांगाडा बघून तिने एवढंच विचारलं, "तो कुठे बसायचा?" मी उजवी खुर्ची दाखवली. ती बसली. तिने खिडकीखालच्या खरवडलेल्या रंगावर हात फिरवला.

म्हणाली, चालव. मी तुमच्या खुर्चीत बसले, संगणकातून स्टूल करकरलं. बेट दिसायला लागलं. मी सांगितलं, "आई, मी 'जमीन' म्हटलं की ही दांडी ओढायची, तेवढंच तुझं काम." तिने हात दांडीवर ठेवला. पडद्यावर पाणी सरकत होतं, मग बांध आला. मी काही बोलले नव्हते, काका. तिची बोटं आपोआप वळली.

पडदा थांबला. ती हात तसाच ठेवून बसली. मग म्हणाली, "शब्द न देताच ओढली मी." आणि मग: "असंच झालं होतं का?"

मी तिची बोटं दांडीवरून सोडवून माझ्या हातात घेतली. तिला तेवढं पुरलं. खाली जाऊन तिने सगळ्या बश्या घासल्या, पुसल्या, आणि पुन्हा घासल्या. निघताना तुमचा पत्ता मागितला. मी दिला. चुकलं असेल तर माफ करा.

योरिन


डेव्हेंटर, २४ फेब्रुवारी २०१९

डाउवे यांस,

तुमच्या नववर्षाच्या कार्डांपैकी एकही मी उघडलं नाही. सगळी शेगडीत गेली. पुढे शेगडी काढून टाकली, तेव्हापासूनची खणात आहेत. काल ती बसून वाचली. सगळ्यांत एकच मजकूर आहे, "तुम्हा दोघींना बरं जावो." एवढंच लिहायला दर वर्षी तिकीट लावायचात.

योरिनला वाटतं, रूलोफची चूक कळल्यामुळे मी मोडून गेले. ती मला खोदून विचारत नाही, चांगली मुलगी आहे. तिला जे सांगता आलं नाही ते तुम्हाला लिहिते, कारण तुम्ही सोडून ते कुणाला कळणार नाही.

त्या दिवशी सकाळी तो दारात सायकलसाठी विजारीला चिमटे लावत होता. योरिन माझ्या कडेवर होती. मी त्याला म्हटलं, "तीन आठवडे झाले, केकचा पत्ता नाही. हात झोपलाय का तुझा?" लाडातच म्हटलं. तो हसला. योरिनचं नाक ओढून म्हणाला, "आज आणतो." हेच त्याचं शेवटचं बोलणं.

तो गेल्याचं कळलं त्या क्षणी मला दुसरं काही दिसलं नाही, तेवढं वाक्य दिसलं. इस्पितळाच्या बाकावर मी तुमच्यासाठी रडत नव्हते आणि देवाशपथ त्याच्यासाठीही रडत नव्हते. 'माझ्यामुळे झालं' एवढंच डोक्यात होतं. त्याच वेळी उघड्या दारातून तुमचा आवाज आला. "दिला. थोडा लवकर दिला."

डाउवे, मला सुटल्यासारखं वाटलं. नवरा मेलेली बाई मी, आणि मला मनातून बरं वाटलं. त्याची इतकी लाज वाटली की ती सगळी मी तुमच्या अंगावर फेकली. चौकशीच्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते गावाने ऐकलं. तुम्ही टोपी हातात धरून ऐकून घेतलंत. तुम्ही त्याची चूक पाठीवर घेतली असं तुम्हाला वाटत होतं. ती माझी होती. बेचाळीस वर्षं तुम्ही मला झोपू दिलंत आणि मी तुम्हाला शिव्या दिल्या.

तुम्ही म्हणाल, पैज माझी होती. म्हणा. मी म्हणेन, डिवचलं मी. योरिन म्हणेल, पट्टी ओली होती. आणि रूलोफ नुसता हसला असता. तुम्ही, मी आणि तो स्वतः, आपण तिघांनी मिळून एका केकसाठी त्याचा जीव घालवला, आणि तिघांपैकी कुणाच्या मनात वाईट नव्हतं. याचं काय करायचं मला समजत नाही.

नऊ मार्चला, शनिवारी, मी योरिनबरोबर हार्लिंगनला येते आहे. अकराच्या गाडीने पोचू. गुलाबी केक मी आणते. त्या दिवसापासून मी तो तोंडात घातलेला नाही, तुम्हीही घातला नसेल. कापायचा मात्र तुम्ही.

स्टेशनपासून चालत येऊ. माझे गुडघे दुखतात, मी हळू चालते. उशीर झाला तर थांबा.

अलाइडा